आमटीत मीठ दोनदा पडतं तेव्हा

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यात गणपतीत एका वेळी पंचवीस-तीस पानं मांडली जायची. एका वर्षी आमटी इतकी खारट झाली की पहिल्याच घासाला सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मग घटनाक्रम जुळवला गेला. काकूनं पळीतली थोडी आमटी तळहातावर घेऊन चाखली, अळणी लागली, म्हणून ती कोठीत मीठ आणायला गेली. तेवढ्यात आई आली. तिनंही चाखली, तिलाही अळणीच लागली. ओट्यावरच्या बरणीतलं मूठभर मीठ घालून ती पानं वाढायला बाहेर गेली. काकू कोठीतून परत आली आणि तिनं आपल्या हातातलं मीठ पातेल्यात घातलं.

दोघींनी चाखूनच मीठ घातलं होतं. दोघींचा अंदाजही बरोबर होता. तरी आमटी बिघडली, कारण काकूनं चाखलेली आमटी आणि तिनं मीठ घातलेली आमटी एक नव्हती. मधल्या वेळात पातेल्यातली परिस्थिती बदलली होती आणि ते तिला कळायचा काही मार्ग नव्हता.

सॉफ्टवेअरच्या भाषेत याला रेस कंडिशन म्हणतात. दोन कामं एकाच वेळी चालू आहेत, दोन्ही एकाच गोष्टीला हात लावताहेत आणि शेवटी काय होणार हे कोण कोणत्या क्षणी पोचलं यावर ठरतं आहे. बडोद्यात मी गेली बरीच वर्षं प्रोग्रॅमिंग करतो, रविवारी काही मुलामुलींना शिकवतोही, आणि हा विषय मी नेहमी या पातेल्यापासून सुरू करतो. ‘रेस’ शब्द ऐकला की मुलांना वाटतं हा वेगाचा प्रश्न आहे, मोठा सर्व्हर घेतला की मिटेल. वेगाशी त्याचा संबंध फार थोडा. प्रश्न असतो तो पाहणं आणि करणं यांच्यामधल्या फटीचा.

ही फट प्रोग्रॅममध्ये कुठे असते? अगदी साध्या ओळीत. ‘शिल्लक = शिल्लक − 1’ असं आपण लिहितो तेव्हा आपल्याला ते एकच काम वाटतं. यंत्राला त्याच्या तीन पायऱ्या दिसतात: मेमरीतून आकडा वाचायचा, त्यातून एक वजा करायचा, आलेला आकडा परत लिहायचा. प्रोग्रॅममध्ये एकाच वेळी चालणाऱ्या कामांना थ्रेड म्हणतात. आजच्या कुठल्याही स्मार्टफोनमध्ये प्रोसेसरचे अनेक कोअर, म्हणजे स्वतंत्रपणे काम करणारे भाग, असतात, त्यामुळे दोन थ्रेड खरोखरच एकाच क्षणी चालू शकतात. एकच कोअर असला तरी ऑपरेटिंग सिस्टीम एका थ्रेडला मधेच थांबवून दुसऱ्याला पुढे सोडते, आणि ते ‘मधेच’ वरच्या तीन पायऱ्यांपैकी कोणत्याही दोघींच्या मध्ये येऊ शकतं.

हे मी पुस्तकात वाचलं होतं. कळलं मात्र माझ्या हातून घडल्यावर.

काही वर्षांपूर्वी एका मंडळासाठी मी महाप्रसादाच्या कूपनांचं छोटं सॉफ्टवेअर लिहून दिलं होतं. आचाऱ्याला 400 पानांचा अंदाज दिला होता, म्हणून कूपनंही 400. माझा कोड असा होता: शिल्लक वाच, ती शून्याहून जास्त असेल तर कूपन दे, मग शिल्लक एकनं कमी करून लिही. घरी बसून मी तो पन्नासेक वेळा चालवून पाहिला होता, प्रत्येक वेळी बरोबर. रात्री आठ वाजता मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिंक गेली आणि सगळ्यांनी एकदम बटण दाबलं. सकाळी पाहिलं तर शिल्लक शून्य आणि वाटलेली कूपनं 431.

त्या एकतीस जादा कूपनांचं काय झालं ते शेवटच्या पंगतीला दिसलं. पुऱ्या संपल्या, भात तळाला गेला, आणि एक आजी दोन नातवंडांना घेऊन फोनवरचं कूपन दाखवत उभ्या होत्या. मला म्हणाल्या, ‘‘अरे, माझं कूपन खोटं आहे का?’’ त्यांचं कूपन खरं होतं. आधी जेवून गेलेल्यांचंही खरं होतं. त्या आजींचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढून अजून हलत नाही.

नोंदी तपासल्या तेव्हा काय झालं ते ओळीनं दिसलं. शिल्लक 57 असताना एका फोनची विनंती आली, तिनं 57 वाचलं. ती 56 लिहिणार त्याच्या आत दुसरी विनंती आली, तिनंही 57 वाचलं. दोघींनी कूपन दिलं, दोघींनी 56 लिहिलं. कूपनं दोन गेली आणि वजाबाकी एकच झाली. असं त्या काही मिनिटांत एकतीस वेळा झालं.

माझी पहिली दुरुस्ती चुकीची होती, आणि ती चूक इतक्या जणांना करताना पाहिलं आहे की इथे थांबून सांगतो. मी प्रोग्रॅममध्ये लॉक घातलं, म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला त्या ओळींमध्ये शिरता येईल अशी सोय केली. पण दोन गोष्टी राहून गेल्या. एक, मी लॉक फक्त ‘शिल्लक लिही’ या पायरीभोवती घातलं होतं. वाड्यातल्या स्वयंपाकघरात एका वेळी एकीनंच मीठ घालायचं असा नियम केला असता तर काय फरक पडला असता? आईनं आधी घातलं, काकूनं नंतर घातलं. दोघींचे हात एकमेकींना लागलेच नव्हते. नियम हवा होता तो असा, की मिठाची बरणी हातात असेल तिनंच आमटी चाखायची आणि मीठ घालून झाल्यावरच बरणी सोडायची. पाहणं आणि करणं दोन्ही कुलपाच्या आत पाहिजे.

दुसरी गोष्ट, माझा प्रोग्रॅम सर्व्हरवर दोन प्रतींमध्ये चालत होता. लॉक प्रोग्रॅमच्या स्वतःच्या मेमरीत असतं, त्यामुळे प्रत्येक प्रतीचं लॉक वेगळं. दोन स्वयंपाकघरं, दोन बरण्या आणि पातेलं मात्र एकच, अशी अवस्था. आजकाल जवळपास प्रत्येक वेब अ‍ॅप्लिकेशन अनेक प्रतींत चालतं. जावा भाषेत एखाद्या मेथडपुढे (कोडच्या एका तुकड्यापुढे) ‘सिंक्रोनाइज्ड’, म्हणजे एका वेळी एकच थ्रेड, असं लिहून निश्चिंत झालेली मुलं मी पाहतो तेव्हा त्यांना आधी हेच विचारतो: हा कोड किती ठिकाणी चालतो आहे?

खरा इलाज त्या मानानं फार छोटा निघाला. आकडा वाचून, बाहेर हिशेब करून, परत लिहायचं सोडून दिलं आणि शिल्लक जिथे साठवलेली होती त्या डेटाबेसलाच एका वाक्यात सांगितलं: ‘जिथे शिल्लक शून्याहून जास्त आहे, ती तक्त्यातली ओळ घे आणि शिल्लक एकनं कमी कर.’ अट आणि बदल एकाच अपडेट आज्ञेत. मग विचारायचं, किती ओळी बदलल्या? एक म्हणाला तर कूपन द्यायचं, शून्य म्हणाला तर कूपनं संपली. दोन आज्ञा एकदम आल्या तर डेटाबेस पहिलीचं काम होईपर्यंत दुसरीला थांबवतो आणि दुसरीची अट नव्या आकड्यावर तपासतो. वजाबाकी आणि कूपनाची नोंद एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये ठेवली, म्हणजे दोन्ही होतील किंवा एकही होणार नाही.

हिशेब एका वाक्यात बसत नसेल तेव्हा दोन वाटा असतात. ओळ वाचतानाच ‘सिलेक्ट फॉर अपडेट’ म्हणून ती राखून ठेवायची. ही झाली बरणी हातात घेण्याची वाट. किंवा प्रत्येक ओळीला आवृत्ती क्रमांक द्यायचा आणि लिहिताना म्हणायचं, ‘मी वाचली तेव्हा आवृत्ती 12 होती, अजून 12 असेल तरच लिही.’ मधे कुणी बदल केला असेल तर लिहिणं नाकारलं जातं आणि आपण पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. काकूनं कोठीतून आल्यावर आमटी पुन्हा चाखावी तसं. गर्दी कमी असेल तिथे ही दुसरी वाट हलकी पडते. माझा कल मात्र नेहमी डेटाबेसच्या एका वाक्याकडे, कारण तिथे विसरायला काही उरत नाही.

कूपन जादा गेलं तर माणूस उपाशी परततो. याच चुकीनं माणसं मेलीही आहेत. कर्करोगावर किरणोपचार करणाऱ्या थेरॅक-25 या यंत्रानं 1985 ते 1987 या काळात अमेरिका आणि कॅनडात सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर मात्रा दिली. त्यातल्या टेक्सासमधल्या टायलर गावच्या दोन घटना 1986 सालच्या. यंत्र चालवणारी बाई उपचाराचा तपशील टाइप करायची. तिच्याकडून एक्स-रे किरणांचं अक्षर चुकून दाबलं गेलं, ते तिच्या लक्षात आलं, तिनं वर जाऊन ते इलेक्ट्रॉनचं केलं आणि पुढे गेली. यंत्रातले चुंबक जागेवर यायला सुमारे 8 सेकंद लागत. त्या 8 सेकंदांत केलेली दुरुस्ती पडद्यावर दिसत होती, पण प्रोग्रॅमच्या दुसऱ्या भागापर्यंत पोचत नव्हती. रोजच्या सरावानं तिचा हात वेगवान झाला होता, म्हणून ती त्या फटीत सापडली. आधीच्या थेरॅक-20 मध्येही हीच चूक होती. पण तिथे चुकीच्या वेळी किरण सुटू न देणारी स्वतंत्र यांत्रिक व्यवस्था होती, म्हणून कुणाला इजा झाली नाही. नव्या यंत्रात ती काढून सगळी भिस्त सॉफ्टवेअरवर ठेवली गेली.

ही चूक सापडली कशी, तेही शिकण्यासारखं आहे. त्या रुग्णालयातले भौतिकशास्त्रज्ञ आणि ती बाई यंत्रासमोर बसले आणि पुन्हा पुन्हा टाइप करत राहिले, घाईत, दुरुस्ती करत, अपघाताच्या वेळी पडद्यावर आलेला एरर परत येईपर्यंत. एकट्यानं सावकाश टाइप करून तो आलाच नसता.

14 ऑगस्ट 2003 रोजी अमेरिकेच्या ईशान्य भागात आणि कॅनडात सुमारे 5 कोटी लोकांची वीज गेली, तेव्हाही साखळीत एक कडी हीच होती. ओहायोतल्या एका नियंत्रण कक्षातली धोक्याची घंटा देणारी प्रणाली अशाच एका रेस कंडिशनमुळे गप्प झाली होती. बाहेर तारा झाडांना टेकून एकेक मार्ग तुटत होता आणि आतल्या माणसांना पडद्यावर सगळं ठीक दिसत होतं. कोडमधली ती चूक शोधायला पुढे कित्येक आठवडे लागले.

आता कुलपांबद्दल थोडं. बडोद्याच्या माणसाला हे रेल्वेतून समजतं असा माझा अनुभव आहे. गायकवाडांच्या राज्यात 1862 साली डभोई ते मियागाम ही भारतातली पहिली नॅरोगेज लाइन सुरू झाली, तेव्हा डबे बैल ओढत. माझे मामा नंतरच्या काळात एकेरी मार्गावरच्या एका छोट्या स्टेशनात होते. एकेरी रुळावर समोरासमोर दोन गाड्या येऊ नयेत म्हणून तिथे बॉल टोकन यंत्र असे. दोन शेजारच्या स्टेशनांतली यंत्रं तारेनं जोडलेली. पलीकडच्या स्टेशन मास्तरनं संमती दिली तरच अलीकडच्या यंत्रातून लोखंडी गोळा बाहेर पडे, आणि एक गोळा बाहेर असेपर्यंत दोन्हींपैकी कुठल्याच यंत्रातून दुसरा निघत नसे. गोळ्यावर त्या टप्प्याचं नाव कोरलेलं. तो मोठ्या कडीच्या पिशवीत घालून ड्रायव्हरच्या हातात द्यायचा; गोळा हातात नसेल तर ड्रायव्हर गाडी पुढे नेत नाही. पुढच्या स्टेशनात गोळा यंत्रात पडला की रूळ मोकळा.

लॉक म्हणजे हाच गोळा. 1965 साली एड्सगर डाइक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञानं याच प्रश्नाची शास्त्रशुद्ध मांडणी केली, आणि त्यानं सुचवलेल्या साधनाचं नाव सेमाफोर, म्हणजे रेल्वेचा हात असलेला सिग्नल. मामांच्या यंत्रातली जी गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते ती ही, की गोळा न घेता जायचं नाही हे ड्रायव्हरच्या स्मरणशक्तीवर सोडलेलं नव्हतं. सिग्नलही त्याच व्यवस्थेला बांधलेले असत. कोडमध्ये मात्र लॉक घ्यायला कुणी विसरलं तर बहुतेक भाषा चकार शब्द काढत नाहीत. रस्ट ही भाषा याला अपवाद: दोन थ्रेड एकाच डेटावर बेशिस्त लिहू शकतील असा कोड ती कम्पाइलच, म्हणजे यंत्राला चालवता येईल अशा रूपात भाषांतरितच, होऊ देत नाही. तरीही आमटीत दोनदा मीठ पडणं रस्टमध्येही होऊ शकतं, कारण दोघी शिस्तीत, एकीमागून एक लॉक घेऊन मीठ घालू शकतात. मेमरीवरची टक्कर आणि हेतूतली टक्कर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली यंत्राला दिसते, दुसरी माणसालाच पाहावी लागते.

लॉक दोन झाले की नवा धोका येतो. मंडळाच्या टेबलावर एकाच्या हातात पावतीपुस्तक आणि त्याला हवा शिक्का, दुसऱ्याच्या हातात शिक्का आणि त्याला हवं पुस्तक. दोघंही हातातलं सोडायला तयार नाहीत. हा डेडलॉक. त्यावरचा नियम सोपा आहे: आधी पुस्तक, मग शिक्का, सगळ्यांनी याच क्रमानं घ्यायचं. कोडमध्ये हा क्रम लिहून ठेवा, तोंडी ठेवू नका.

याहून बरं म्हणजे वाटून घ्यायची गोष्टच कमी करणं. एकदा तयार झाल्यावर न बदलणारा डेटा कितीही थ्रेडना वाचू द्या, काही बिघडत नाही. बदलणारी गोष्ट एकाच थ्रेडच्या ताब्यात द्या आणि बाकीच्यांनी रांगेतून निरोप पाठवावेत. पातेल्याशी एकच माणूस, बाकीचे त्याला सांगतात. नुसता मोजता आकडा असेल तर अ‍ॅटॉमिक प्रकार वापरा, त्यात वाचणं-वाढवणं-लिहिणं प्रोसेसर एकाच झटक्यात करतो. आणि एकाच फोन नंबरला दोन कूपनं जाऊ नयेत असं असेल तर ‘आधी आहे का पाहा, नसेल तर घाल’ असं लिहू नका. त्या रकान्यावर युनिक इंडेक्स, म्हणजे तीच नोंद दोनदा येऊ न देणारी अट, लावा, थेट घाला, डेटाबेसनं नाकारलं तर नाकारू द्या.

एक बारकावा नव्यांना फार छळतो. एका थ्रेडनं लिहिलेलं दुसऱ्याला लगेच आणि त्याच क्रमानं दिसेल असं आपण गृहीत धरतो. ते खरं नसतं. वेग वाढवण्यासाठी कम्पाइलर आणि प्रोसेसर ओळींचा क्रम बदलतात. ‘आधी डेटा भरला, मग तयार आहे अशी खूण केली’ हे दुसऱ्या थ्रेडला उलटंही दिसू शकतं: खूण दिसते, डेटा नाही. लॉक, अ‍ॅटॉमिक किंवा जावातलं ‘व्होलाटाइल’ यांनी तो क्रम पक्का होतो. जावाचे याबद्दलचे नियमच 2004 साली, जावा 5 मध्ये, नव्यानं लिहावे लागले.

शोधण्याच्या कामात पहिली अडचण ही, की ही चूक पाहायला गेलं की लपते. मधे एक प्रिंटची ओळ घातली तरी वेळा बदलतात आणि चूक येईनाशी होते. म्हणून माझी आवडती युक्ती उलटी आहे: फट मुद्दाम रुंद करा. जिथे संशय आहे तिथे, पाहणं आणि करणं यांच्या मधोमध, दोनशे मिलिसेकंदांची झोप घाला. मग शंभर थ्रेड एका रेषेवर उभे करून एकदम सोडा. माझ्या जुन्या कूपनाच्या कोडमध्ये हे केलं तेव्हा जी चूक घरी पन्नास वेळांत एकदाही दिसली नव्हती ती पहिल्याच फेरीत दिसली. झोप घातल्यावर निकाल चुकला तर चूक झोपेची नाही. ती फट आधीपासून होती.

दुसरं साधन म्हणजे रेस डिटेक्टर. सी आणि सी++ साठी थ्रेडसॅनिटायझर आहे, गो भाषेत तर तो सोबतच येतो, ‘रेस’ हा पर्याय देऊन टेस्ट चालवायच्या. तो प्रत्येक वाचण्या-लिहिण्यावर नजर ठेवतो आणि पाहतो की दोन थ्रेडनी एकाच जागेला हात लावला, त्यातल्या एकानं तरी लिहिलं, आणि दोघांमध्ये कोण आधी हे ठरवणारं काहीच नव्हतं, असं झालं का. ‘आधी-नंतर’ची ही कल्पना संगणकशास्त्रज्ञ लेस्ली लॅमपोर्ट यांच्या 1978 सालच्या निबंधातली. अहवालात दोन याद्या येतात: या थ्रेडनं या ओळीवर लिहिलं, त्याआधी त्या थ्रेडनं त्या ओळीवर वाचलं. नवी मुलं वरची यादी पाहून तिथेच दुरुस्ती करायला धावतात. दोन्ही याद्या शेजारी ठेवून वाचा, चूक त्या दोहोंच्या मध्ये असते. गोमध्ये या तपासणीनं प्रोग्रॅम दोन ते वीस पट हळू चालतो, म्हणून तो टेस्टमध्ये चालवा. आणि लक्षात असू द्या, जो कोड त्या फेरीत चाललाच नाही त्याबद्दल तो काही सांगत नाही. डेटाबेसमधल्या कूपनाच्या चुकीबद्दलही नाही, कारण ती त्याच्या मेमरीबाहेर घडते.

म्हणून त्या कूपनाच्या प्रोग्रॅमसाठी मी वेगळी टेस्ट लिहून ठेवली: शिल्लक 1, मागणारे 200, सगळे एकदम; कूपन एकालाच मिळालं पाहिजे. ती रोज रात्री चालते. गेल्या महिन्यात रविवारच्या वर्गातल्या एका मुलीनं त्या कोडला हात लावला. कूपनं संपल्यावर लोकांना नीट निरोप दिसावा म्हणून तिनं शिल्लक आधी वेगळी वाचली आणि अपडेटमधली अट, आता दोनदा कशाला, म्हणून काढून टाकली. सकाळी टेस्ट लाल होती. एक कूपन, आणि ते चार जणांना मिळालं होतं.

‘‘पण दादा, मी तर शिल्लक तपासली आहे,’’ ती म्हणाली.

मी विचारलं, ‘‘कधी तपासलीस?’’

ती बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली. मग तिनं अट परत अपडेटच्या आत घातली, आणि ‘कूपनं संपली’ हा निरोप शून्य ओळी बदलल्या त्या जागी लिहिला.